फिल्टर, मोका, प्रेस : घरच्या कॉफीसाठी भांडं कोणतं घ्यावं?

कॉफी भाजून विकणाऱ्या कोणत्याही दुकानाच्या साइटवर २५० ग्रॅमची पुडी मागवायला गेलं, की पैसे भरण्याआधी एक प्रश्न येतो : दळण कोणतं हवं? साउथ इंडियन फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस, पोअर ओव्हर, एस्प्रेसो की अख्ख्या बिया? बरेच जण इथे अडखळतात, दिसेल तो पर्याय दाबतात आणि पंधरा दिवसांनी भांड्याला नावं ठेवतात. मोका पॉटची कॉफी करपट लागते, फ्रेंच प्रेसची पांचट होते, फिल्टर तर तासभर ठिबकतच नाही. या तक्रारींत भांड्याचा दोष फार थोडा असतो. बाकीचा सगळा घोळ दळणाचा आणि एका आकड्याचा.

तो आकडा म्हणजे एक ग्रॅम पुडीमागे किती मिलिलिटर कॉफी उतरते. एस्प्रेसोत २, दाक्षिणात्य फिल्टरच्या डिकॉक्शनमध्ये (म्हणजे खाली उतरणाऱ्या दाट अर्कात) साधारण ४, मोका पॉटमध्ये ७ च्या आसपास, फ्रेंच प्रेस आणि कागदी गाळणीत साधारण १३. आकडा जितका लहान तितका अर्क दाट, आणि दूध घातल्यावर कॉफीची चव टिकण्याची शक्यता तितकी जास्त. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी म्हणजे दूध-साखरेचीच. त्यामुळे आधी हा आकडा बघावा, ब्रँड नंतर. फ्रेंच प्रेस घेऊन त्यात दुधाची कॉफी करायला जाणाऱ्यांचा हिरमोड होतो तो यामुळेच.

स्टीलचा फिल्टर

वरचं भांडं, खालचं भांडं, दांडीची चकती आणि झाकण. चार तुकडे, एकही रबर नाही, बिघडेल असं काहीच नाही. किंमत काहीशे रुपये. दुधाची कॉफी पिणाऱ्या घरासाठी यापेक्षा चांगलं भांडं आमच्या मते अजून निघालेलं नाही. या यादीतलं सगळ्यात स्वस्तही हेच आहे.

घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून तळाची भोकं बघावीत. ती बारीक, गोल आणि सगळीकडे सारखी हवीत. स्वस्त फिल्टरमध्ये मधली भोकं मोठी आणि कडेची अर्धवट बुजलेली असतात, मग पाणी मधूनच पळतं आणि कडेची पुडी जवळजवळ कोरडी राहते. तळावरून बोट फिरवावं, खरखरीत कंगोरे लागले तर दुसरा घ्यावा. चकती आत सहज फिरली पाहिजे, पण कडेने बोटभर फट राहता कामा नये.

सगळ्यात जास्त चुकतं ते माप. 'पाहुणे आले तर' म्हणून आठ कपांचा फिल्टर घ्यायचा आणि रोज त्यात दोन कपांची पुडी घालायची, हा हमखास फसणारा उद्योग. एवढ्या रुंद तळावर पुडीचा थर पातळ बसतो, पाणी त्यातून पाच मिनिटांत निघून जातं आणि खाली गढूळ, फिकं पाणी जमतं. वरच्या भांड्याचा निदान पाव भाग पुडीने भरेल, असाच फिल्टर घ्यावा. पाहुण्यांसाठी दुसरा मोठा ठेवला तरी दोन्ही मिळून एका मोका पॉटपेक्षा स्वस्त पडतात.

चार जणांचं प्रमाण असं : ३० ग्रॅम पुडी आणि १८० मिलिलिटर पाणी. पुडी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ६० मिलिलिटर चोथ्यात अडकतं आणि १२० खाली उतरतं. माणशी ३० मिलिलिटर डिकॉक्शन आणि १०० ते १२० मिलिलिटर दूध. ज्यांना कडक हवी त्यांनी डिकॉक्शन ४० करावं. पुडी चमच्याने मोजण्यापेक्षा काट्यावर तोलावी. एकाचा शीग भरलेला चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो, आणि मग रोज कॉफी वेगळी का लागते याचं कोडं सुटत नाही.

फिल्टर कोरडा असावा. पुडी घातली की भांडं ओट्यावर दोनदा हलकं आपटून थर सपाट करावा आणि चकती नुसती ठेवावी. अंगठ्याने रेटायची नाही. पाणी खळखळ उकळून गॅस बंद करावा आणि अर्ध्या मिनिटाने ओतावं. आधी थोडं, पुडी भिजेल इतपत. ती फुगून वर येते, मग उरलेलं पाणी सावकाश, चकतीवरून. झाकण लावावं आणि फिल्टर हलवू नये. पंधरा ते पंचवीस मिनिटांत डिकॉक्शन उतरतं. काम रात्री करून ठेवलं तर सकाळी फक्त दूध तापवायचं उरतं.

आता न ठिबकणाऱ्या फिल्टरबद्दल. याची तीन कारणं, आणि तपासायची ती याच क्रमाने. पहिलं, हवा कोंडलेली असते : वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट नाही आणि ती डिकॉक्शनला खाली येऊ देत नाही. वरचं भांडं केसभर उचलून पुन्हा ठेवलं की धार सुरू होते. दुसरं, दळण फार बारीक. घरी मिक्सरवर काढलेल्या पुडीत मैद्यासारखी भुकटी असते, ती भोकांत जाऊन बसते. तिसरं, चिकोरी (पुडीत मिसळतात ती मुळाची भुकटी) जास्त. ती पाण्यात फुगते आणि चिकट होते, त्यात चकती दाबलेली असेल तर थराचा नुसता लगदा होतो.

भोकं बुजली असतील तर टाचणीने कोरत बसू नये, भोकं मोठी होतात. स्टीलचं वरचं भांडं पक्कडीत धरून गॅसच्या आचेवर मिनिटभर फिरवलं की अडकलेले कण जळून जातात. मग ब्रशने उलट्या बाजूने धुवावं. पितळेच्या फिल्टरला हे चालणार नाही, कारण आतली कलई वितळेल. पितळेचा फिल्टर दिसतो देखणा, पण कलई उडाली की कॉफी त्यात करू नये, आणि कलईवाला दारावर येण्याचे दिवस आता गेले. हौस असेल आणि कलई करून घेण्याची सोय असेल तरच तो घ्यावा.

डिकॉक्शन उकळायचं नाही. थंड झालं असेल तर खालचं भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करावं किंवा तसंच कडकडीत दुधात घालावं. उकळलं की वास उडतो आणि मागे नुसता कडूपणा राहतो. फ्रिजमध्ये ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. दूध म्हशीचं असेल तर कॉफीची चव दबते, तिथे डिकॉक्शन थोडं वाढवावं लागतं.

पुडी आणि तिच्यातली चिकोरी

चिकोरी म्हणजे भेसळ, असा एक समज आहे. चिकोरी हे एक मूळ आहे. ते भाजून कुटतात. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरातमध्ये जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफीन नसतं. डिकॉक्शनला दाटपणा, काळसर रंग आणि गोडसर कडवटपणा तिच्यामुळे येतो, आणि उडपी हॉटेलातल्या कॉफीची जी चव जिभेवर बसलेली असते तिच्यात चिकोरीचा वाटा मोठा. भारतीय अन्न नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तेव्हा चेहरा बघून नाही, आकडा बघून पाकीट उचलावं. कॉफी-चिकोरी ६०:४० असेल तर शंभर ग्रॅममधले चाळीस ग्रॅम मूळच असतं. ८०:२० किंवा ७०:३० घरच्या फिल्टरसाठी बरं. शंभर टक्के कॉफी फिल्टरमध्ये घातली तर चालते, फक्त अर्क पातळ दिसतो आणि पुडी पाचेक ग्रॅम जास्त घालावी लागते.

माटुंग्यासारख्या ठिकाणी किंवा दाक्षिणात्य कॉफीच्या जुन्या दुकानात पुडी समोर दळून मिळते. तिथे 'पीबी किती, प्लांटेशन किती' असं विचारतात. गोंधळून जायचं कारण नाही. पीबी म्हणजे पीबेरी : फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते, ती निवडून वेगळी काढतात. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. प्लांटेशन म्हणजे पाण्याने धुऊन काढलेली अरेबिका. पार्चमेंट म्हटलं की धुतलेली रोबस्टा. चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली, मग ती अरेबिका असो की रोबस्टा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, कडूपणा जास्त, फेसही जास्त. दुधाच्या कॉफीला थोडी रोबस्टा असलेली बरी. नुसती अरेबिका दुधात हरवते. मॉन्सून्ड मलबार नावाचा आणखी एक प्रकार दिसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या गोदामांत बिया पसरून दमट वारा खाऊ देतात, त्या फुगून फिकट होतात आणि आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. आंबूस कॉफी न चालणाऱ्यांनी ती घेऊन बघावी.

एक चूक वरचेवर दिसते. फिल्टर कॉफीची पुडी आणि इन्स्टंट कॉफी यांत फरक न करणं. इन्स्टंट म्हणजे आधीच काढलेला अर्क वाळवून केलेली भुकटी, ती दुधात विरघळते. फिल्टरची पुडी म्हणजे दळलेली बी, ती कधीच विरघळत नाही. ती दुधात ढवळली तर तळाशी चिखल बसतो. आणि इन्स्टंट फिल्टरमध्ये घातली तर सगळीच विरघळून खाली उतरते, वर उरतं फक्त भांडं. इन्स्टंटच्या काही बरण्यांतही चिकोरी असते, तिथेही लेबल वाचावं.

मोका पॉट

१९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती या इटालियन उद्योजकाने अ‍ॅल्युमिनियमचं आठ पैलूंचं हे भांडं बाजारात आणलं. बियालेत्तीचा मोका एक्सप्रेस आजही जवळपास त्याच आकाराचा मिळतो, मिश्यावाल्या माणसाच्या चित्रासकट. आपल्याकडे आता स्टीलचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे इतर कंपन्यांचेही पॉट भरपूर मिळतात.

ज्याला कुकर कळतो त्याला मोका पॉट कळायला अडचण नाही. रबरी वायसर आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि आतला दाबही साधारण कुकरइतकाच, १ ते २ बार (बार हे दाबाचं माप). खालच्या टाकीत पाणी, त्यात बसणारं नरसाळ्यासारखं भांडं पुडीचं, वर आटे फिरवून बसवायचा पॉट. पाणी तापलं की टाकीतली हवा आणि वाफ प्रसरण पावून पाण्याला खालून नळीत, तिथून पुडीत आणि वर ढकलतात. एस्प्रेसोला ९ बार दाब लागतो, तेव्हा मोकातून निघते ती एस्प्रेसो नव्हे. 'स्टोव्हटॉप एस्प्रेसो' असं खोक्यावर छापलेलं असलं तरी नव्हे. पण दाट, कडक, दुधाला पुरून उरणारी कॉफी तो पाच-सात मिनिटांत देतो, आणि फिल्टरची अर्धा तास वाट बघण्याची सोय ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी तो उत्तम.

३ कपांच्या पॉटचे 'कप' इटालियन आहेत, जेमतेम ४० मिलिलिटरचे. म्हणजे दोन माणसांची दुधाची कॉफी. यात १५ ते १७ ग्रॅम पुडी बसते आणि १०० ते १२० मिलिलिटर कॉफी निघते. आणि हे भांडं अर्धं भरून चालत नाही. पुडी कमी घातली तर पाणी तिच्यातून वाट काढून पळतं. एकट्यासाठी १ कपाचा, चौघांसाठी ६ कपांचा, असं माप ठरवूनच घ्यावं लागतं. फिल्टरच्या बाबतीत थोडंफार निभावतं, इथे नाही.

आता ओट्यावर नीट बघू. टाकीत उकळतं पाणी, व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. थंड पाणी घातलं तरी चालतं, पण मग ते तापेस्तोवर वरची पुडी कोरडीच भाजत राहते. पुडीचं भांडं शिगोशीग भरून बोटाने सपाट करायचं, दाबायचं नाही. कडेला राहिलेले चार कण फुंकून टाकायचे, कारण तेवढ्यानेच वायसर नीट बसत नाही. टाकी फडक्यात धरून वरचा भाग घट्ट आवळायचा. पकडायचं अंगाला, कानाला धरून पिळलं तर कान सैल होतो. गॅस अगदी बारीक, आच टाकीच्या तळाबाहेर येता कामा नये. झाकण उघडंच ठेवायचं. दोनेक मिनिटांत मधल्या नळीतून गडद तपकिरी, काकवीसारखी दाट कॉफी पाझरायला लागते. धार सलग आणि शांत हवी. हळूहळू रंग उतरतो, तपकिरीचा मधासारखा पिवळा होतो. इथेच गॅस बंद. यानंतर फुसफुस आणि गुरगुर ऐकू येते. टाकीतलं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलेलं असतं आणि आता वर येते ती वाफ, पुडीला करपवत. मोका पॉटची कॉफी करपट लागते म्हणणारे लोक ही शेवटची तीस सेकंदं थांबलेले असतात. गॅस बंद करून टाकीचा तळ नळाखाली धरला की प्रवाह जागच्या जागी थांबतो.

कॉफी वर येतच नसेल आणि कडेने फेस फुसफुसत असेल, तर आटे सैल आहेत किंवा वायसर कडक झाला आहे. वायसर वापराप्रमाणे वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. घेतानाच त्या मापाचा वायसर सुटा मिळतो का ते विचारावं. अनोळखी कंपनीच्या स्वस्त पॉटमध्ये हीच मेख असते : भांडं चांगलं राहतं आणि एवढ्याशा रबरापायी अडगळीत जातं.

यात चिकोरीवाली फिल्टरची पुडी घालू नये. ती बारीक असते, शिवाय फुगते, आणि पाण्याची वाट बंद झाली की दाब वाढून व्हॉल्व्हमधून वाफ सुटते. तो व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे, पण बोअरच्या पाण्याने त्यात क्षार साचले असतील तर भरवसा नाही. व्हॉल्व्हची मधली पिन हलती असेल तर ती अधूनमधून बोटाने हलवून बघावी. क्षार धरले तर पाण्यात लिंबाचा रस घालून पुडीशिवाय एकदा पॉट चालवावा. मोकासाठी दळण बारीक रव्याहून जरा बारीक, बोटांत घेतल्यावर कण जाणवतील असं. मिठाइतकं म्हटलं तरी चालेल.

अ‍ॅल्युमिनियमचा पॉट पितांबरी, चिंच किंवा तारेच्या घासणीने घासू नये आणि डिशवॉशरमध्ये घालू नये, तो काळाठिक्कर पडतो. साध्या पाण्याने धुऊन, तुकडे सुटे करून वाळवावा. ओला बंद करून ठेवला तर आत पांढरे डाग आणि कुबट वास. आणि दोन अडचणी खास आपल्या स्वयंपाकघरातल्या. ३ कपांच्या पॉटचा तळ इतका लहान की आपल्या शेगडीच्या बर्नरवर तो नीट उभा राहत नाही, कलंडतो. पापड भाजायची जाळी ठेवून त्यावर ठेवला की प्रश्न मिटतो. कान आचेवर येणार नाही असा फिरवावा, तो प्लास्टिकचा असतो. दुसरी अडचण इंडक्शनची. अ‍ॅल्युमिनियम त्यावर तापत नाही. चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचा पॉट तापतो, पण लहान तळाचं भांडं बऱ्याच इंडक्शन शेगड्या ओळखतच नाहीत. इंडक्शनवरच स्वयंपाक असेल तर ६ कपांचा स्टीलचा घ्यावा, तोही दुकानात शेगडीवर ठेवून बघून.

दुधाचं प्रमाण : मोकाची कॉफी एक भाग, दूध एक ते दीड भाग. फिल्टरच्या हिशेबाने चौपट दूध घातलं तर पांढरं पाणी होईल.

फ्रेंच प्रेस

काचेचं उंच भांडं, जाळीचा दट्ट्या. पुडी पाण्यात भिजवायची आणि दट्ट्या खाली ढकलून चोथा तळाशी दाबायचा. तंत्र एवढंच. ३५० मिलिलिटर पाण्याला २३ ग्रॅम पुडी, लापशीच्या रव्यासारखी भरड. पाणी ओतून एकदा ढवळावं, चार मिनिटं थांबावं, वर आलेला फेस आणि तरंगणारी पुडी चमच्याने काढून टाकावी आणि मग दट्ट्या सावकाश खाली न्यावा. लगेच कपात ओतावं, भांड्यात ठेवली तर कॉफी भिजतच राहते आणि कडू होते.

दट्ट्या जड जात असेल तर दळण बारीक आहे. जोर लावू नये. गरम कॉफी उसळून हातावर येते, आणि काचही जाते. काचेचं भांडं हा याचा कच्चा दुवा आहेच. सुटी काच मिळते, पण तिची किंमत बघता सुरुवातीलाच स्टीलचा प्रेस घ्यावा.

काळी, बिनसाखरेची, मोठा मगभर कॉफी पिणाऱ्यांना हा आवडेल. तळाशी थोडा गाळ राहतो, शेवटचा घोट टाकून द्यायचा. यात बियांचं तेलही गाळलं जात नाही, आणि त्या तेलातल्या घटकांनी कोलेस्टेरॉल वाढतं हे सिद्ध झालेलं आहे. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे त्यांनी रोजसाठी कागदी गाळणी वापरावी, कागद ते तेल धरून ठेवतो.

दुधाच्या कॉफीसाठी प्रेस घेऊ नये. घेतलाच असेल तर पुडी दुप्पट घालून बघावी किंवा त्याच्यातून दुसरं काम काढावं : गरम दूध एक तृतीयांश भरून दट्ट्या वीस-पंचवीस वेळा वरखाली करावा, झकास फेस येतो. रात्री १:८ प्रमाणात पुडी आणि थंड पाणी घालून फ्रिजमध्ये बारा-चौदा तास ठेवलं तर सकाळी कोल्ड ब्रू तयार. उन्हाळ्यात प्रेसचा खरा उपयोग हा.

एरोप्रेस (पिचकारीसारखं हाताने दाबायचं भांडं) आणि पोअर ओव्हर (कागदी गाळणीत वरून पाणी ओतायचं) दोन्ही चांगली, पण दोन्हींना दर वेळी कागद लागतो आणि तो लहान गावात मिळत नाही. एरोप्रेस एकट्या माणसाच्या प्रवासाच्या पिशवीत ठेवावा. चौघांच्या घरात त्याने चार वेळा कॉफी करत बसणं म्हणजे शिक्षा.

एस्प्रेसो मशीन

लग्नात सुर्र आवाज करत वाफ सोडणारं मशीन, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेला फेस, त्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'एक्स्प्रेसो' म्हणतात. ती इन्स्टंट कॉफी आणि वाफेने फेसाळलेलं दूध. चवीला वाईट नसते, लग्नात तर मुळीच नाही, पण एस्प्रेसोशी तिचा संबंध नावापुरताच. एस्प्रेसो म्हणजे १८ ग्रॅम बारीक पुडी दाबून बसवायची आणि ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढायची. कॅफेच्या पाटीवरची बाकीची नावं यातूनच निघतात. गरम पाणी घातलं की अमेरिकानो. एक डाग दुधाचा फेस म्हणजे माक्यातो. दूध आणि जाड फेस म्हणजे कॅपुचिनो, कप दीडशे-एकशेऐंशी मिलिलिटरचा. भरपूर दूध आणि वर पातळ फेस म्हणजे लाते. लहान कपात, रेशमासारख्या दुधाची आणि कॉफी चढी असलेली फ्लॅट व्हाइट.

घरगुती मशीनच्या खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं. तो पंपाचा कमाल दाब, पुडीवर पडणारा नव्हे, तेव्हा २० बघून जास्त पैसे देऊ नयेत. पंप नसलेली, नुसत्या वाफेवर चालणारी स्वस्त मशीनं म्हणजे वायर लावलेला मोका पॉट. बऱ्याच मशीनसोबत दुहेरी तळाची जाळी येते. तिला बाहेरून एकच बारीक भोक असतं, त्यातून कुठल्याही शिळ्या पुडीचा फेस निघतो. दिसायला छान, चवीला पोकळ. खरी जाळी लावली की मग चांगलं ग्राइंडर लागतं, आणि ते मशीनच्या किमतीच्या आसपास जातं. हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा. दिवसाला दोन कॉफी लागणाऱ्या घराला मोका पॉट पुरतो.

दळण आणि साठवण

मिक्सरने सगळ्या बिया सारख्या दळल्या जात नाहीत : थोडी भुकटी, थोडे खडे. भुकटी लवकर कडू होते, खडे आंबट राहतात. मिक्सरच वापरायचा तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये भांडं हलवावं आणि मैद्याच्या चाळणीने भुकटी काढून टाकावी. फ्रेंच प्रेसपुरतं निभतं. मोकासाठी हाताने फिरवायचं बरं ग्राइंडर घ्यावं, पण त्याची पाती ब्लेडसारखी नव्हे, जात्याच्या तळ्यांसारखी एकमेकांवर घासणारी हवीत.

पुडीवर भाजल्याची तारीख शोधावी. नुसती 'बेस्ट बिफोर' असेल तर बी कधी भाजली ते कळायला मार्ग नाही. बिया महिनाभर चांगल्या राहतात, दळलेली पुडी आठ-दहा दिवसांत वास गमावते. २५० ग्रॅमपेक्षा जास्त एकदम आणू नये, आणि ती फ्रिजमध्ये लसणीच्या चटणीशेजारी तर ठेवूच नये. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, ओट्यापासून लांब, अंधाऱ्या कपाटात.

आणि जायफळ. आपल्या कॉफीत ते हवंच असेल तर पुडीत मिसळून फिल्टरमध्ये घालू नये, त्याचं तेल आणि बारीक कीस भोकांत बसतो आणि पुढचे चार दिवस साधी कॉफीही जायफळाची लागते. दूध तापत असताना किसणीवर दोन-तीन वेळा जायफळ ओढावं, साखर तेव्हाच घालावी, एक उकळी आली की गॅस बंद करून दूध गाळून घ्यावं आणि मग डिकॉक्शन ओतावं. मोकाच्या कॉफीलाही हेच, फक्त जायफळ निम्मं.